पेपर मिलचा माग: आमच्या कॉलेजच्या प्रकाशन-यादीची तपासणी

एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. २०१९ पासून आमच्या प्राध्यापकांच्या नावावर जे शोधनिबंध लागले, त्यांत पेपर मिलकडून आलेले किती, हे शोधायचं काम संशोधन समितीने लायब्ररीकडे सोपवलं. पेपर मिल म्हणजे तयार निबंध किंवा निबंधावरची लेखकाची जागा विकणारे धंदेवाले. समितीत रसायनशास्त्राच्या मॅडम, भौतिकशास्त्राचे सर, मराठीचे सर आणि मी. दुसऱ्या कॉलेजात कुणी हेच करायला बसलं तर त्याचे हाल कमी व्हावेत म्हणून या नोंदी. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, एखाद्या ठिकाणी विषयही मुद्दाम बदललाय.

१६ जून २०२५

कॉलेज उघडलं आणि स्टाफरूममध्ये एकच विषय: रिट्रॅक्ट झालेल्या, म्हणजे छापल्यानंतर मागे घेतलेल्या पेपरांसाठी एनआयआरएफ (केंद्र सरकारची उच्चशिक्षण संस्थांची क्रमवारी) उणे गुण धरणार. आम्ही त्या क्रमवारीच्या आसपासही नाही, पण नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) पुढची फेरी तोंडावर आहे. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "आपल्याकडे असे किती?" कुणालाच सांगता येईना. ज्याचा आकडा कुणाकडे नाही ते काम लायब्ररीचं, ही आमच्याकडची जुनी रीत.

आयक्यूएसीकडून (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) नॅकच्या निकष ३ च्या, म्हणजे संशोधनाच्या, सगळ्या वर्षांच्या एक्सेल शीट घेतल्या. पहिली अडचण तिथेच. 'लिंक' या रकान्यात निबंधाची लिंक नाहीच. कुठे जर्नलचं मुखपृष्ठ, कुठे यूजीसी-केअर यादीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेली जर्नलं) पान. जर्नल यादीत आहे एवढंच दाखवायचं होतं, त्यामुळे निबंध स्वतः कुठे आहे हे लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

१९ जून

डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक, गोळा करणे. तो नसेल तर पुढचं जवळजवळ एकही साधन चालत नाही. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची 'सिंपल टेक्स्ट क्वेरी' मोफत आहे. संदर्भांची यादी चिकटवली की सापडतील ते डीओआय परत मिळतात. पण शीर्षक धड हवं. आमच्या शीटमध्ये शीर्षकं अर्धवट, लेखकांत फक्त आपल्या माणसाचं नाव आणि पुढे 'व इतर'. मराठी-हिंदी निबंधांची शीर्षकं कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली, ती आता उघडली की नुसत्या चिन्हांची रांग. कन्व्हर्टरने रफार भलत्याच अक्षरावर बसवले. शेवटी मराठीच्या सरांनी ती हाताने पुन्हा लिहिली.

डीओआय साफ करताना: सुरुवातीचा वेबपत्ता काढा, शेवटचा पूर्णविराम काढा, सगळी अक्षरं लहान करा, मागेपुढे राहिलेली मोकळी जागा पुसा. वर्डमधून आलेल्या डीओआयमध्ये साधी रेघ कधीकधी आपोआप लांब होते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, संगणकाला वेगळ्या. यात आठवडा गेला.

'सहलेखक' हा रकाना मात्र पूर्ण भरा, सगळी नावं आणि प्रत्येकाची संस्था. भरताना जीव जातो. पुढे सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच.

२७ जून

मागे घेतलेल्या निबंधांचा माग ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या गटाच्या माहितीसाठ्याशी जुळवणी. २०२३ च्या सप्टेंबरात क्रॉसरेफने तो घेतला आणि सर्वांसाठी खुला केला. ६०,००० हून जास्त नोंदींची सीएसव्ही फाइल फुकट उतरवता येते. त्यात डीओआयचे दोन रकाने आहेत, मूळ निबंधाचा आणि मागे घेतल्याच्या सूचनेचा. जुळवायचं मूळ निबंधाच्या रकान्याशी. कॉलेजच्या नावाने शोधायचा बेत फसला. आमच्या संस्थेचं नाव लोकांनी इतक्या तऱ्हांनी लिहिलंय की तीच नावं वेगवेगळी कॉलेजं वाटतात, आणि उलट, त्याच थोर व्यक्तीच्या नावाची कॉलेजं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत.

डीओआयवरून मात्र व्हीलुकअप (एक्सेलमधलं जुळवणीचं सूत्र) चालवल्याबरोबर निबंध सापडले. थोडेच, पण सापडले. आणि एक सोडून बाकी सगळे हिंदावीच्या जर्नलांचे, विशेषांकांतले.

हिंदावीची गोष्ट ठाऊक नसेल तर थोडक्यात. वायली या मोठ्या प्रकाशकाने जानेवारी २०२१ मध्ये हिंदावी ही जर्नलं काढणारी कंपनी सुमारे २९.८ कोटी डॉलरला विकत घेतली. विशेषांकांच्या पाहुण्या संपादकांच्या वाटेने मिलवाले आत शिरले होते. संपादक त्यांचे, रिव्ह्यूअरही (छापण्याआधी निबंध तपासणारे) त्यांचेच. एकट्या २०२३ मध्ये ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी वायलीने 'हिंदावी' हे नाव वापरणंच बंद करायचं ठरवलं.

यादी घेऊन प्राचार्यांकडे जाण्याआधी मागे घेतल्याची सूचना नीट वाचा. हिंदावीच्या बहुतेक सूचनांचा मजकूर एकाच साच्यातला आहे: विषयाशी विसंगती, संबंध नसलेले संदर्भ, अर्थहीन मजकूर, पीअर रिव्ह्यूमध्ये हस्तक्षेप, यांपैकी एक किंवा अधिक खुणा आढळल्या. खाली असंही म्हटलेलं असतं की लेखकांना याची कल्पना होती का किंवा त्यांचा यात हात होता का, याची चौकशी आम्ही केलेली नाही. म्हणजे निबंध अविश्वसनीय ठरला, माणूस दोषी ठरला नाही. आमच्या मीटिंगमध्ये हा फरक लक्षात ठेवायला फार कष्ट पडले. यादी टेबलावर आली त्या क्षणापासून 'चोर सापडले' असाच सूर होता.

२ जुलै

आता रिट्रॅक्ट न झालेले, पण संशयास्पद. 'प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर' हे फ्रान्समधले संशोधक गियोम काबानाक यांनी उभं केलेलं, असे निबंध हुडकणारं मोफत साधन. काबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की काही निबंधांत रुळलेल्या तांत्रिक संज्ञांच्या जागी विचित्र शब्द येतात. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', ब्रेस्ट कॅन्सरचं 'बुझम पेरिल', बिग डेटाचं 'कलॉसल इन्फर्मेशन'. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा आणि शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा, की साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं.

आमच्या यादीतल्या एका निबंधात भौतिकशास्त्राच्या सरांना 'फ्लॅग टू क्लॅमर' सापडलं. आधी ते मोठ्याने हसले. मग पानावर बोट ठेवून म्हणाले, "सिग्नल टू नॉइज, मॅडम. हा माणूस एमएस्सीला माझ्या हाताखाली होता. तो असं लिहिणार नाही."

हे होतं कशामुळे, हेही लिहून ठेवते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. त्यामुळे सगळीकडे '१० टक्क्यांच्या आत' असं प्रमाणपत्र हाच सचोटीचा पुरावा होऊन बसला, आणि ते प्रमाणपत्र देणारी खिडकी म्हणजे लायब्ररी. मी स्वतः अशा कागदांवर शिक्के मारलेत. या निबंधाच्या फाइलीतही तो कागद होता, साम्य अगदी कमी. आता तो आकडा फार खाली असेल तर मी निबंध उघडून बघते.

खबरदारी: एखादाच विचित्र शब्दप्रयोग मिळाला तर थांबा. इंग्रजी कच्चं असलेला प्रामाणिक माणूसही शब्दकोशातून भलताच शब्द उचलतो. एकाच निबंधात असे चारपाच सापडले आणि तेही त्या विषयाच्या पहिल्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या संज्ञांचे, तरच पुढे जायचं असं ठरवलं.

९ जुलै

चित्रं आणि आलेख. इथे लायब्ररीचं ज्ञान संपतं, विषयाचा माणूस शेजारी बसलाच पाहिजे. आमच्याकडे नॅनोकणांचे निबंध पुष्कळ. कुठल्या तरी पानांचा अर्क घ्यायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळायचा, रंग बदलला की चांदीचे नॅनोकण तयार. कमी खर्चात होतं, म्हणून छोट्या कॉलेजांचा हा आवडता प्रयोग, आणि म्हणूनच मिलवाल्यांचाही.

रसायनच्या मॅडमनी एकाच गटाचे दोन निबंध काढले. एकात तुळस, दुसऱ्यात कडुनिंब. दोन्हींतल्या एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणं) आलेखांची पट्टी सारखी करून प्रिंट काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि वाचनकक्षाच्या खिडकीच्या काचेवर धरल्या. उंच टोकं जुळली तर नवल नाही. चांदी तीच, टोकं त्याच कोनांवर येणार. पण टोकांच्या मधल्या सपाट भागात जी बारीक थरथर असते, ती यंत्राची यादृच्छिक गडबड. तोच नमुना त्याच यंत्रात पुन्हा ठेवला तरी ती पुन्हा तशीच येत नाही. इथे प्रत्येक कंगोरा दुसऱ्यावर बसला. मॅडम बराच वेळ कागद धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तुळसही नाही नि कडुनिंबही नाही."

हे संगणकावरही करता येतं, पण समितीतल्या बिगरविज्ञानवाल्यांना काचेवरचा कागद एका मिनिटात पटला. निबंधांतली बनावट चित्रं शोधणाऱ्या एलिझाबेथ बिक यांनी २०२० मध्ये ४०० हून जास्त निबंधांचा जो गट उघडकीला आणला, त्यातही वेगवेगळ्या लेखकांच्या चित्रांची पार्श्वभूमीच एकसारखी होती. त्यांची नजर आपल्याकडे नाही, पण प्रिंटर आणि खिडकी आहे.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोखाली बहुधा एक पट्टी असते. व्होल्टेज, मॅग्निफिकेशन, मोजपट्टी, बऱ्याचदा यंत्राचं नावही. ते नाव निबंधात लिहिलेल्या यंत्राशी जुळतं का बघा. आमच्याकडे काही ठिकाणी जुळलं नाही, काही ठिकाणी पट्टीच कापलेली.

१४ जुलै

वरच्या तपासणीत अडकलेल्या एका निबंधाबद्दल. यंत्राचं नाव जुळत नव्हतं, सहलेखक बाहेरचे, समितीतल्या दोघांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. लेखिकेला बोलावलं. तिने फाइल आणली. नमुने मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात पाठवले होते, त्याची पावती, कुरिअरची पावती, सोबत आलेली सीडी. यंत्र कुठलं होतं हे तिला माहीतच नव्हतं, आधीच्या कुणाच्या तरी निबंधातली ओळ तिने तशीच घेतली होती. चूक आहे, दुरुस्तीची सूचना पाठवायला हवी, ती तिने दुसऱ्या दिवशी पाठवलीही. पण निबंध तिचा आहे, प्रयोग झालेला आहे.

यानंतर कामाची दिशाच बदलली. निबंध वाचून तो खरा की खोटा ठरवण्यात आम्ही दुबळे पडतो, विषय हजार आणि आम्ही चौघे. पण निबंधाभोवतीचे कागद आम्हाला वाचता येतात. खऱ्या कामामागे पावत्या, मेल, तारखा, खोडाखोड यांचा पसारा असतोच. मिलचा निबंध तयार येतो, त्याच्यामागे काही नसतं. म्हणून संशयास्पद यादीतल्या प्रत्येकाकडे चारच गोष्टी मागायचं ठरलं:

जर्नलला निबंध पाठवल्याचा आणि स्वीकारल्याचा मेल, लेखकाच्या स्वतःच्या खात्यातून. रिव्ह्यूअरचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं. नमुना तपासणीची पावती किंवा यंत्रातून आलेली मूळ फाइल (एक्सआरडीची असेल तर कोन आणि तीव्रता अशा दोन रकान्यांची साधी टेक्स्ट फाइल पुरते). प्रकाशन शुल्क भरलं असेल तर त्याची पावती.

२२ जुलै

कागद यायला लागले. काहींनी त्याच दिवशी गठ्ठा आणून ठेवला, वरून "बघा की, लपवायचंय काय!" काहींचे संगणक नेमके बिघडले होते.

पावत्यांत सगळ्यात जास्त दिसलं. प्रकाशन शुल्क प्रकाशकाच्या नावे भरलेलं असतं, पावतीवर निबंधाचा क्रमांक असतो. एका प्रकरणात यूपीआयचा स्क्रीनशॉट मिळाला, पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात, कारणाच्या जागी 'कन्सल्टन्सी'. आणि गंमत म्हणजे ते जर्नल शुल्क घेतच नाही, वर्गणीवर चालतं. म्हणजे पैसे कशाचे दिले?

दुसरी खूण मेलची. निबंधावर आपला प्राध्यापक 'पत्रव्यवहाराचा लेखक', पण त्याच्या नावापुढचा जीमेल पत्ता त्याचा नाहीच. नाव आणि आकडे जोडून कुणीतरी बनवलेला. स्वीकृतीचा मेल त्याला कधी आलाच नाही, त्याला व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो आला.

तिसरी, सहलेखक. पाच लेखक, पाच वेगळी राज्यं किंवा देश, एकाचा विषय दुसऱ्याशी जुळत नाही आणि आधी एकत्र काम केल्याची खूण नाही. ओपनअॅलेक्स या शोधनिबंधांच्या खुल्या सूचीवर प्रत्येकाचे बाकीचे निबंध फुकट बघता येतात. "दुसऱ्या लेखकाशी ओळख कशी झाली?" हा एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. जागा विकण्याचा हा धंदा किती उघड चालतो ते संशोधक अॅना अबालकिना यांनी रशियातल्या एका मिलच्या जाहिरातींवरून मांडलंय. जागेचे दर सुमारे १८० ते ५,००० डॉलर, जर्नल आणि नावाचा क्रम बघून.

३० जुलै

कला शाखेच्या यादीपुढे वरची सगळी साधनं निकामी. डीओआय नाहीत, आलेख नाहीत. इथला रोग वेगळा आहे आणि तो पेपर मिलमध्ये मिसळू नये. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं एकीकडे, बनावट जर्नलं दुसरीकडे. यूजीसीने २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. पुढच्या वर्षी केअर यादी आली, तिचा कारभार पुण्यातून, सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही यूजीसीने बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल कसं निवडायचं याची जबाबदारी संस्थांवर.

यादी होती तेव्हा तिचा फायदा नकली वेबसाइटवाल्यांनी उठवला. यादीतल्या एखाद्या जुन्या छापील नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) उचलायचा, त्या नावाने वेबसाइट काढायची आणि पैसे गोळा करायचे. आमच्या एका ज्येष्ठ सरांचा निबंध असाच गेला. निबंध त्यांचाच, पदरचा अभ्यास, आणि छापला गेला भलत्याच ठिकाणी. खऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, आमची वेबसाइटच नाही. अशा अपहृत जर्नलांची यादी रिट्रॅक्शन वॉचकडे मोफत आहे, पण ती बहुतांशी इंग्रजी जगाची. भारतीय भाषांतल्या नियतकालिकांसाठी छापील अंकावरचा फोन नंबर लावणं हाच खात्रीचा उपाय.

५ ऑगस्ट

'पेटंट' या रकान्यात पाय घालायचा नव्हता, पण घातला. ब्रिटनमधली काही प्रमाणपत्रं निघाली. नीट वाचलं तर ती डिझाइनची नोंदणी आहे, पेटंट नव्हे. वस्तूचं बाह्य रूप तेवढं नोंदतात, ती चालते का हे कुणी बघत नाही आणि रूप नवं आहे का हेही नोंदणीच्या वेळी तपासत नाहीत. खाली अर्जदारांची लांबलचक रांग, निरनिराळ्या राज्यांतली. तिथल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की चित्र दिसतं. आम्ही रकान्याचं नाव बदलून 'डिझाइन नोंदणी' केलं आणि पुढे सरकलो. यावर स्वतंत्र काम व्हायला हवं.

याच आठवड्यात पीएनएएस या नियतकालिकात रीस रिचर्डसन, लुईस अमराल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मिलच्या संशयित निबंधांची संख्या दर दीड वर्षाला दुप्पट होतेय, एकूण निबंधांची सुमारे १५ वर्षांनी. प्रिंट काढून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

१३ ऑगस्ट

तासिका तत्त्वावरचा एक तरुण प्राध्यापक स्वतःहून लायब्ररीत आला, संध्याकाळी, विद्यार्थी गेल्यावर. फोन काढून चॅट दाखवलं. 'टायटल लॉक्ड. थर्ड पोझिशन अव्हेलेबल. स्कोपस क्यू थ्री. पेमेंट आफ्टर अॅक्सेप्टन्स.' म्हणजे स्कोपस या सूचीतल्या मधल्या-खालच्या दर्जाच्या जर्नलात तयार निबंध, त्यावर तिसऱ्या लेखकाची जागा विकाऊ, पैसे स्वीकृतीनंतर. खाली त्याचे प्रश्न, त्यांची उत्तरं, मग पैसे हप्त्याने चालतील का अशी त्याची विचारणा. विषय त्याचा नव्हताच. मुलाखतीच्या शॉर्टलिस्टसाठी एका पेपरला २ गुण मिळतात आणि त्याच्या पुढचे सगळे उमेदवार गुणांनी गच्च भरलेले. पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, पण नोकरीच्या रांगेतली सक्ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही आणि गेलेलीही नाही.

कायम नोकरीवाल्यांपैकी कुणीही असा आला नाही, हेही नोंदवून ठेवते.

त्याला काय करता येईल? संपादकाला स्वतः लिहायचं: या निबंधात माझा सहभाग नव्हता, नाव काढावं. प्रकाशक बहुतेक कोप या प्रकाशन-नीतीच्या संस्थेची मार्गदर्शक सूत्रं पाळतात, आणि नाव काढायचं तर सगळ्या लेखकांची संमती विचारली जाते. इथे बाकीचे लेखक कोण, कुठले, हे त्यालाही माहीत नाही. मेल पाठवला. आपोआप येणारी पोच आली.

२१ ऑगस्ट

प्रकाशकांना कळवण्याबद्दल. पहिला मेल आम्ही सविस्तर लिहिला होता, सगळे निबंध, सगळे मुद्दे, वर खेद आणि चिंता. उत्तर नाही. दुसऱ्या वेळी एका मेलमध्ये एकच निबंध: डीओआय, कुठल्या पानावरचं कुठलं चित्र, कशाशी जुळतं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवलेला एक फोटो. बस. याला उत्तर आलं, 'रिसर्च इंटेग्रिटी' विभागाकडून, प्रकरण क्रमांकासह. किती दिवस लागतील हे विचारायच्या भानगडीत पडू नका.

पबपीअरवर (छापून आलेल्या निबंधांवर शेरे लिहायची वेबसाइट) टाकायचं तर तिथे निनावी लिहिता येतं, पण लिहायचं ते कुणालाही निबंध उघडून पडताळता येईल एवढंच. 'आकृती ३ आणि अमुक निबंधाची आकृती २ यांतली पार्श्वभूमी सारखी दिसते, लेखकांनी मूळ माहिती द्यावी.' लेखकाच्या हेतूबद्दल एक शब्द नाही. सभ्यता तर आहेच, शिवाय बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेतही आहे, ३५६. आमच्या वकील पालकांनी चहा पिता पिता सांगितलं, चित्राबद्दल बोला, माणसाबद्दल बोलू नका.

९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्ट्या संपल्या. पुढे असं होऊ नये म्हणून अर्ज तयार केला होता, चार पानी. निबंध पाठवण्याआधी भरून द्यायचा. एकानेही भरला नाही. विचारलं तर "मॅडम, पेपर लिहिणं सोपं, तुमचा फॉर्म अवघड." तो अर्ध्या पानावर आणला: मूळ माहिती कॉलेजच्या ड्राइव्हवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, प्रत्येक सहलेखकाने काय केलं, एकेक ओळ, पत्रव्यवहाराचा मेल पत्ता कॉलेजचा आहे का, शुल्क असेल तर कुणाच्या नावे. यातल्या पहिल्या ओळीनेच बरंच काम होतं. फोल्डर रिकामं असेल तर बोलणं तिथेच सुरू होतं, निबंध छापल्यावर चार वर्षांनी नाही.

लायब्ररीतल्या सगळ्या संगणकांवर झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर बसवलं. मागे घेतलेला निबंध तुमच्या संग्रहात आला की ते लाल पट्टी दाखवतं, यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पहिल्याच दिवशी वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमच्या नव्या हस्तलिखितात दोन संदर्भ लाल झाले. त्यांचं काम चोख, पण ज्याच्यावर उभं होतं ते पोकळ. त्यातला एक संदर्भ त्यांच्या प्रयोगपद्धतीचा आधार होता, त्यामुळे एक मोजणी पुन्हा करावी लागणार. वैतागल्या. पण छापण्याआधी कळलं.

२४ सप्टेंबर

खर्च: सॉफ्टवेअरला शून्य. प्रिंट आणि झेरॉक्स लायब्ररीच्या किरकोळ खर्चातून. खरा खर्च वेळेचा, आणि तो जवळजवळ सगळा एक्सेलच्या शीट साफ करण्यात गेला. तुमच्याकडे डीओआय आधीच भरलेले असतील तर जुळवणी एका दुपारचं काम आहे.

दुसरा खर्च असा की स्टाफरूममध्ये मी गेले की विषय बदलतो. एका विभागाने लायब्ररीच्या समितीवर माणूस द्यायला नकार दिलाय.

अहवाल प्राचार्यांकडे दिला, तीन भागांत. रिट्रॅक्ट झालेले निबंध, ते नॅकच्या यादीतून काढले. कागदपत्रं न मिळालेले, ते यादीत धरायचे नाहीत असं ठरलं, कारवाईबद्दल संस्था ठरवेल. आणि संशय घेतला गेला पण कागद पूर्ण निघाले ते. या तिसऱ्या भागातल्या प्रत्येकाला समितीने लेखी पत्र दिलं, कारण तोंडी कुजबुज लेखी कागदाशिवाय थांबत नाही.

राहिलेलं काम: परिषदांच्या इतिवृत्तांतल्या निबंधांना (पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक असलेल्या) अजून हातच लावलेला नाही, ते प्रमाण मोठं आहे. तुळस-कडुनिंबाच्या प्रकरणात प्रकाशकाने कॉलेजकडे अधिकृत खुलासा मागितलाय, तो रसायनच्या मॅडम लिहितायत. तरुण प्राध्यापकाच्या मेलला अजून उत्तर नाही, पुढच्या आठवड्यात आठवण पाठवायची आहे. साफ केलेल्या शीटचा रिकामा नमुना आणि अर्ध्या पानाचा अर्ज मागेल त्याला देते.